तळाची पंगत

घरात नवा फिशटँक येतो तेव्हा माशांच्या पिशव्यांमध्ये शेवटची एक पिशवी दुकानदार आपणहून ठेवतो. बाकीचे मासे गिऱ्हाइकाने रंग पाहून निवडलेले असतात. हा एक मात्र कामासाठी घ्यायचा. अंग काळपट, त्यावर चट्टे, तोंड खालच्या अंगाला आणि काचेला घट्ट चिकटणारं. आपल्याकडच्या बाजारात याला ‘सकर’ म्हणतात, जरा कौतुकाने बोलायचं तर ‘टँक क्लीनर’. त्याच्या जोडीला कधी बोटाएवढे, मिशीवाले कोरीडोरास येतात. दोघांची शिफारस एकाच वाक्यात होते: यांना वेगळं काही घालावं लागत नाही, बाकीच्यांचं उरलेलं खातात आणि टाकीही साफ ठेवतात. या एका वाक्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. उरलेलं तळापर्यंत पोचतं, पोचलेलं या माशांच्या उपयोगाचं असतं, आणि त्यांनी खाल्लं म्हणजे टाकी स्वच्छ झाली. तिन्ही तपासून पाहिल्या तर एकही टिकत नाही. अनेक जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या टाकीत तळाचे कॅटफिश बऱ्याचदा अर्धपोटी राहतात, आणि त्याला मालकाचा चिक्कूपणा कारण असतो असंही नाही. गरजेपेक्षा जास्त खाद्य पडणाऱ्या टाकीतही ते उपाशी राहू शकतात, कारण त्यांची जेवणाची जागा वेगळी आणि वेळही वेगळी. वरच्यांची पंगत दिवसाउजेडी पृष्ठभागावर उठते. खालच्यांचं पान कुणी मांडलेलंच नसतं.

नेहमीची दोन फुटी टाकी घेऊ. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण ५५ लिटर पाणी. सकाळी दिवा लावून चिमूटभर फ्लेक्स टाकले की ते तरंगतात, कारण ते तरंगावेत म्हणूनच इतके पातळ केलेले असतात. गप्पी आणि मोलींची तोंडं वरच्या बाजूला वळलेली, पृष्ठभागावरचं टिपायला सोयीची. त्यांच्या तावडीतून सुटून खाली निघालेला तुकडा टेट्रा आणि बार्ब अर्ध्या वाटेत उचलतात. झेब्रा डॅनिओसारखा चपळ मासा तर वरपासून खालपर्यंत सगळीकडे असतो. आता खाद्य किती घालावं याबद्दल पाकिटावर आणि पुस्तकात दिलेला नियम आठवा: दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. नियम चांगलाच आहे. पण तो नीट पाळला तर उरणार काय? जो माणूस हा नियम सांगतो आणि त्याच दमात कॅटफिश उरलेल्यावर जगतात असंही सांगतो, तो दोन परस्परविरोधी गोष्टी सांगत असतो. नियम पाळला तर तळाचे उपाशी, मोडला तर पाणी खराब. घरातल्या सगळ्यांचं जेवून झाल्यावर बायकांनी भांड्यात उरलंसुरलं खाऊन घ्यायचं, या जुन्या चालीतही हाच हिशेब असे: मागे काहीतरी राहीलच, असं धरून चालायचं आणि राहिलं की नाही ते कुणी पाहायचं नाही.

मोडलेल्या नियमातून जे तळाशी जातं त्याचीही अवस्था पाहिली पाहिजे. फ्लेक भिजला की त्यातली पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं झपाट्याने पाण्यात उतरतात. सगळ्यांत शेवटी तळाला टेकणाऱ्या तुकड्यात चोथाच जास्त उरतो. शिवाय आपल्या बहुतेक टाक्यांच्या तळाशी बारीक वाळू नसते, रंगीत खडे असतात, कधी निळे, कधी गुलाबी. चोथा त्यांच्या फटींत घसरतो आणि माशाचं तोंड तिथे शिरत नाही. तिथे त्याला खातात ते जिवाणू. म्हणजे उरलेलं तळाशी पोचलं हे खरं मानलं तरी ते माशाच्या पोटात गेलं असं म्हणता येत नाही.

आता ज्यांच्या नावाने हे सगळं चालतं ते मासे मुळात खातात काय? कोरीडोरास हे दक्षिण अमेरिकेचे, अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या नद्या-ओढ्यांतले. लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०३ साली हे नाव दिलं. शिरस्त्राण आणि कातडी अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनलं आहे, कारण या माशाला खवले नसतात. दोन्ही कुशींवर हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा असतात, चिलखतासारख्या. ठिपक्यांचा पॅलिएटस कोरी जगाला कळला तो चार्ल्स डार्विनने ‘बीगल’च्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून, १८४२ मध्ये जेनिन्सने त्याचं वर्णन छापलं. १८७८ मध्ये पॅरिसमध्ये कार्बोनिए यांनी त्याची टाकीत वीणही घेतली. म्हणजे हा मासा माणसाच्या काचेत जवळजवळ दीडशे वर्षं आहे, आणि तो काय खातो हे काही गूढ राहिलेलं नाही. निसर्गात पकडलेल्या कोरींच्या पोटात प्रामुख्याने सापडतात ते किडे आणि त्यांच्या अळ्या, बारीक कवचधारी जीव, गाळातले किडकिडीत कृमी. दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून गोठवून विकतात त्या लाल अळ्या याच गटातल्या. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमस चिलटांच्या त्या अळ्या. थोडक्यात कोरी शिकारी आहे. शिकार फार लहान असते आणि वाळूखाली लपलेली असते, म्हणून तो आपल्याला झाडू मारल्यासारखा दिसतो.

कोरी जेवताना जवळून पाहावा. बारीक वाळू असेल तर तो डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो. ओठांच्या कडेच्या आखूड मिशा सतत थरथरत असतात, एखादा माणूस अंधारात खिशात किल्ली चाचपडतो तशा. तोंडभर वाळू आत घेतो, आतल्या आत चाळतो आणि पुढच्या क्षणी कल्ल्यांच्या झाकणांखालून वाळूच्या दोन बारीक धारा बाहेर सोडतो. अन्नाचा कण आत, वाळू बाहेर. मग एक बोटभर पुढे, पुन्हा तेच. तासन्‌तास चालणारं हे काम आहे आणि त्यात घाईला जागा नाही. मधूनच तो सरळ वर झेप घेऊन पृष्ठभागाला तोंड लावून येतो, तेव्हा त्याला वरचं खाद्य हवं असतं असा समज होतो. प्रत्यक्षात तो हवेचा घोट घेत असतो, जिच्यातला ऑक्सिजन तो आतड्याच्या मागच्या भागातून शोषतो. अशा चाळून खाणाऱ्या माशाची गाठ टेट्राच्या टोळीशी घातली तर निकाल आधीच ठरलेला. एक तासभर चाळणार, दुसरा अर्ध्या सेकंदात गिळणार.

पण ही शर्यत फक्त वेगाची नाही, इंद्रियांची आहे. वरचे मासे डोळ्यांनी जेवतात. कॅटफिशांची भिस्त वास आणि चव यांवर, आणि त्यांची चव जिभेपुरती नसते. उत्तर अमेरिकेतल्या यलो बुलहेड या कॅटफिशवर येले आतेमा यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की त्याच्या सगळ्या अंगभर, मिशांवर तर दाटीने, चवीच्या कळ्या असतात. एका माशावर पावणेदोन लाखांच्या वर. त्याआधी १९६७ मध्ये बारडाक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की याच गटातले मासे वासाचं इंद्रिय निकामी केलं तरी केवळ चवीच्या आधारे दूरवरचं अन्न शोधून काढतात. समुद्रातल्या एका जपानी कॅटफिशबद्दल २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेलं संशोधन तर आणखी पुढचं आहे. वाळूत दडलेला कृमी श्वास घेतो तेव्हा त्याच्या बिळाच्या तोंडाशी पाण्याची आम्लता किंचित वाढते. हा मासा मिशांनी तेवढा फरक ओळखतो आणि अंधारात थेट त्या बिळापाशी जातो. हे मासे कोरी किंवा सकर नव्हेत आणि एकाची क्षमता दुसऱ्यावर जशीच्या तशी लादू नये. पण अंगभर चव आणि मिशांनी शोध ही कॅटफिश मंडळींची सामाईक मिळकत आहे, आणि तिच्यातून टाकीवाल्याच्या कामाचा निष्कर्ष निघतो. उजेडात दोघेही खाऊ शकतात, पण जिंकतो डोळेवाला. दिवा मालवला की डोळेवाला जागच्या जागी थांबतो आणि मिशीवाल्याचं काहीच अडत नाही. अंधार हा तळाच्या माशांना मिळणारा एकमेव रास्त भाव आहे.

सकरची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे शिफारस करणाऱ्यांची बाजू थोडी बळकट वाटते. हा लोरिकॅरिडी कुळातला. कॅटफिशांचं हे सगळ्यांत मोठं कुळ, नऊशेहून अधिक जातींचं. ओठांचा चोषक करून दगडाला चिकटायचं आणि बारीक दातांनी पृष्ठभाग खरवडायचा, हीच त्याची रीत. तो शेवाळ खातो हे खोटं नाही. प्रश्न एवढाच की टाकीत किती शेवाळ उगवतं. मेरी पॉवर यांनी पनामातल्या एका ओढ्यात याच कुळातल्या माशांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९८४ मध्ये मांडला. ज्या डोहांवर ऊन पडत होतं तिथे शेवाळ भराभर वाढत होतं, सावलीतल्या डोहांत हळू. पण सावलीतले मासे उपाशी आणि उन्हातले मातलेले, असं चित्र नव्हतं. मासे डोह बदलत होते. जिथे शेवाळाची वाढ जास्त तिथे त्यांची दाटी त्याच प्रमाणात जास्त, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण सारखंच येत होतं. एकच जागा ते टाळत: काठाचं उथळ पाणी. तिथे शेवाळाचा हिरवा पट्टा तसाच राही, कारण उथळात पक्षी टिपतात.

‘नदीत कोण वाढायला जातं?’ या नेहमीच्या आक्षेपाला या ओढ्यानेच उत्तर दिलं आहे. नदीत कुणी वाढत नाही, पण तिथला मासा दुसऱ्या डोहात जाऊ शकतो. ५५ लिटरच्या टाकीत दुसरा डोह नाही. चार काचा, दोन प्लॅस्टिकची झाडं आणि एक शिंपला. त्यांच्यावर उगवणारं शेवाळ एका बोटभर सकरने आठ-दहा दिवसांत खरवडून टाकलं की पुढे दिवसागणिक नव्याने उगवेल तेवढंच. ते आपणच दर रविवारी काच पुसून, दिवा कमी वेळ लावून रोखत असतो. शेवाळ नको म्हणून मासा आणायचा आणि शेवाळ नाही म्हणून तो उपाशी राहतो याकडे पाहायचं नाही, असा हा व्यवहार. त्यातही हा मासा बोटभर राहत नाही. बाजारात सकर म्हणून सर्रास विकला जाणारा टेरिगोप्लिक्थिस चाळीस सेंटीमीटरच्या पुढे जातो. दोन फुटी टाकीत तो मावेनासा झाला की जवळच्या तलावात किंवा नदीत सोडून दिला जातो, आणि त्या ‘दयेचे’ परिणाम पूर्व कोलकात्याच्या पाणथळींपासून आपल्या उजनीपर्यंत मच्छीमारांच्या जाळ्यात दिसतात. काटेरी, चिलखती, बाजारात भाव नसलेला मासा. ते वेगळ्या लेखाचं प्रकरण आहे. इथे इतकंच म्हणायचं की छोट्या मिश्र टाकीला सकर नकोच. खरवडणारा मासा हवाच असेल तर बारा-पंधरा सेंटीमीटरला थांबणारा, तोंडावर मांसल काट्यांची दाढी असलेला ब्रिसलनोज बरा. आणि त्यालाही वाढावंच लागतं.

याच कुळात पॅनाक नावाचे लाकूड खरवडणारे मासे आहेत. त्यांच्यासाठी टाकीत लाकडाचा ओंडका ठेवला की काम झालं असं सांगितलं जातं. डोनोव्हन जर्मन यांनी २००९ मध्ये या माशांची आतडी तपासली तेव्हा वाळवीसारखी लाकूड पचवण्याची यंत्रणा त्यांच्यात आढळली नाही. लाकूड चार तासांच्या आत शरीरातून पार होतं; पोषण मिळतं ते कुजणाऱ्या लाकडाबरोबर येणाऱ्या इतर पदार्थांतून. दुकानातून आणलेला, उकळून स्वच्छ केलेला ओंडका म्हणजे त्यांच्यासाठी रिकामं ताट. मासा दिवसभर तोंड चालवत असतो, म्हणून तो जेवतो आहे असं आपण धरून चालतो. ही चूक सकरच्या बाबतीतही होते आणि चिमुकल्या ऑटोसिंक्लसच्या बाबतीत तर फारच; तो काचेवर अखंड खरवडताना दिसतो आणि तसाच खरवडता खरवडता उपासाने मरतो.

तिसरं गृहीतक सफाईचं. कॅटफिशने टाकी साफ होते हा समज मोडायला रसायनशास्त्राची पहिली पायरी पुरते. माशाने खाल्लेलं नाहीसं होत नाही. त्यातल्या प्रथिनांचा नायट्रोजन अमोनिया होऊन मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो, उरलेलं विष्ठा होऊन तळाशी बसतं. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणं हे फिल्टरमधल्या जिवाणूंचं काम, आणि नायट्रेट काढणं हे बादली आणि सायफन घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं. टाकीत आणखी एक मासा वाढला म्हणजे अमोनियाचा आणखी एक झरा वाढला, मग तो काचेला चिकटलेला का असेना. इतर माशांची विष्ठा हे कॅटफिशचं खाणं नव्हे. एकदा पचून गेलेल्या त्या मालात त्यांच्यासाठी फारसं काही शिल्लक नसतं. सकर असलेली टाकी तर उलट लवकर गाळकट होते. शेवाळ आणि भाजी खाणाऱ्याचं आतडं लांबलचक वेटोळ्यांचं, आणि त्यातून दिवसभर निघणाऱ्या तपकिरी लेंड्यांच्या दोऱ्या ज्याने पाहिल्या आहेत तो त्याला क्लीनर म्हणायला धजणार नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे: वेगळं काही न घालता आमचा सकर किंवा आमचे कोरी वर्षानुवर्षं जगले. जगत असतील. मासा थंड रक्ताचा प्राणी. शरीर गरम ठेवण्यात त्याची शक्ती खर्च होत नाही, त्यामुळे अपुऱ्या अन्नावर तो इतके दिवस तग धरतो की सस्तन प्राण्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना उपास दिसत नाही. त्यात चिलखत. गाय किंवा कुत्रा रोडावला की बरगड्या दिसतात. कोरीच्या हाडाच्या पट्ट्या तो भरलेला असो की रिकामा, बाजूने तसाच आकार दाखवतात. खरं कळतं ते पोटाखालून. सकर काचेला चिकटलेला असताना बाहेरून त्याचं पोट पाहावं; सपाट किंवा किंचित फुगीर असेल तर ठीक, आत खपाटीला गेलेलं असेल तर तो उपाशी आहे. कोरी समोरून पाहावा, पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंच्या मधला भाग वाटीसारखा खोल गेलाय का ते. मोठ्या माशाचे डोळे खोल जाऊ लागले तर परिस्थिती बरीच पुढे गेलेली असते. वाढ खुंटणं हे आणखी एक लक्षण, आणि दुर्दैवाने मालकाला ते सोयीचं वाटतं: ‘टाकीच्या मापानेच वाढतो हो.’ भुकेला सकर कधीकधी गोल्डफिश किंवा डिस्कससारख्या संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्यावरचा बुळबुळीत थर खरवडतो, हेही मासे पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यात वाईट स्वभाव शोधू नये. फ्लोरिडात सोडले गेलेले हेच मासे तिथल्या मॅनाटी या अजस्र जलचरांच्या पाठीला चिकटून शेवाळ चरताना नोंदवले गेले आहेत. ज्याचं तोंड खरवडण्यासाठीच बनलं आहे, तो समोर येईल ते खरवडून पाहणार.

दुसरा वजनदार आक्षेप पाण्याचा. वेगळं खाद्य घालायचं म्हणजे टाकीत जास्त खाद्य, जास्त अमोनिया. पाण्यातल्या माशांना उपासापेक्षा घाणेरड्या पाण्याने जास्त मारलं आहे, हे खरंच आहे. पण इथे खाद्य वाढवायचं नाही, हलवायचं आहे. सकाळची चिमूट निम्मी करा. ती दोन मिनिटांत वरच संपू द्या आणि त्यातून तळासाठी काही उरावं ही अपेक्षाच सोडा. वाचलेला वाटा रात्री, दिवा बंद करून अर्धा तास झाल्यावर, बुडणाऱ्या गोळ्यांच्या रूपाने तळाशी पोचवा. सहा कोरींना पहिल्या रात्री दहा-बारा बारीक गोळ्या घालून सकाळी पाहावं. काही शिल्लक असेल तर दुसऱ्या रात्री कमी, काहीच नसेल आणि पोटं खपाटीला असतील तर थोड्या जास्त. सकाळी उरलेलं सायफनने काढायचं, आणि ते काढता येतं कारण आपण ते कुठे टाकलं हे आपल्याला माहीत असतं. वरून पडून चार दिशांना पसरलेल्या चुऱ्याचं तसं होत नाही. आठवड्यातून एक दिवस कुणालाच काही न घातलं तरी चालतं.

जागेचा प्रश्न सोपा आहे आणि तरी बहुतेक जण इथेच चुकतात. गोळी वरून टाकली की ती खाली जाताना बार्ब चोच मारतात. अर्धा-पाऊण इंची पारदर्शक पाइप तळापर्यंत उभा धरून त्यातून गोळ्या सोडल्या तर त्या थेट खाली उतरतात. टाकीच्या एका कोपऱ्यात काचेची छोटी बशी किंवा सपाट दगड ठेवून रोज तिथेच वाढलं तर काही दिवसांत कोरी आपोआप त्या जागी जमू लागतात. निदान त्या कोपऱ्यात तरी रंगीत खडे काढून बारीक, बोचणार नाही अशी वाळू घालावी. कुजक्या आणि धारदार तळावर वावरणाऱ्या कोरींच्या मिशा झिजलेल्या दिसतात, आणि मिशा गेल्या की अन्न शोधायचं हत्यारच गेलं. कोरी एकटादुकटा ठेवला तर बुजून दडून बसतो आणि त्यामुळेही उपाशी राहतो. पाच-सहा जणांचं टोळकं असलं की तो धिटाईने फिरतो.

काय वाढायचं हे पाकिटाच्या पुढच्या बाजूवरून ठरवू नये. ‘अल्गी वेफर’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या पाकिटाच्या मागे घटकांची यादी वाचली की पहिलं नाव अनेकदा माशाच्या भुकटीचं निघतं, दुसरं गव्हाच्या पिठाचं. कोरीला ते चालेल, कारण त्याला प्राणिज प्रथिन लागतंच. पण ब्रिसलनोजसाठी घेत असाल तर शेवाळाचं नाव यादीत कुठे आहे ते पाहा. आठवड्यातून एकदा-दोनदा कोरींना गोठवलेले ब्लडवर्म वितळवून द्यावेत. नाल्यातून काढून जिवंत विकले जाणारे ट्युबिफेक्स टाळावेत, कारण ते ज्या चिखलात वाढतात त्याचे रोगही बरोबर येतात. वाळवलेल्या ट्युबिफेक्सची वडी वापरायची तर ती काचेवर अगदी तळाशी दाबून चिकटवावी, नाहीतर ती तरंगते आणि पुन्हा गप्पींची मेजवानी होते. खरवडणाऱ्या माशांसाठी मंडई पुरेशी आहे. काकडी, दुधी, पालक, सोललेले मटार; सगळं नीट धुऊन, उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं ठेवून, गार करून. भाजी तरंगते म्हणून स्टीलच्या काट्याला टोचून बुडवावी.

दुकानात छोटे रुपेरी ‘शार्क’ म्हणून मिळतात तेही कॅटफिशच. तळाला बसणारे नव्हेत, पण नावाच्या यादीत तिथेच सापडतात. हे पंगासियस, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तोच मासा, आणि वाढला तर मीटरभराच्या पुढे जाणारा. देशी मागूर आणि शिंगीही मिश्र टाकीत घालू नयेत. रात्री तळाशी यांच्यासाठी वेगळं वाढायची गरज पडत नाही. ते टेट्राच वाढून घेतात.

बाकीच्यांसाठी दिवा मालवल्यानंतरचा अर्धा तास पुरतो. तोवर निऑन टेट्रांची निळी-लाल रेघ फिकट होऊन ते झाडांमध्ये लटकल्यासारखे स्थिर झालेले असतात, आणि दिवसभर ओंडक्याखाली पडून राहिलेला ब्रिसलनोज दुधीच्या चकतीकडे निघालेला असतो. सकाळी त्या चकतीचा पांढरा गर संपून फक्त हिरव्या सालीचं कडं काट्याला अडकून राहिलेलं दिसतं. ते काढून टाकायचं, बशीभोवतीची वाळू सायफनने हलकेच ओढून घ्यायची, आणि मग वरच्यांसाठी चिमूट.